माकडाच्या झाडाला नाव कोणी ठेवलं

ट्रेव्हॅनिक, कॉर्नवॉल
रविवार, १५ मे १९२७, दुपारच्या जेवणानंतर

प्रिय पास्कोदादा,

तुला आणि मेरायावहिनींना धाकट्या डिगरीचा नमस्कार, आणि मुलांना गोड पापा (मुलं मिशा राखण्याच्या वयाची झाली असतील तर नुसते आशीर्वाद). तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्राच्या सुरुवातीला तू लिहिलं होतंस की ऑस्ट्रेलियाच्या उन्हानं तो बरा झाला, आणि शेवटी लिहिलं होतंस की त्या उन्हानंच तो बिघडला. तेव्हा यातलं जे खरं असेल त्याप्रमाणे मला आनंद झाला आहे किंवा वाईट वाटलं आहे, असं समज. वहिनींचा खोकला, कोंबड्या आणि तो एका डोळ्याचा कुत्रा हे सगळे खुशाल असतील अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे. पोस्टानं मला सायकल दिली आहे, पण आपल्या गावच्या चढावर ती मीच ढकलत नेतो, त्यामुळे पूर्वी नुसती पत्रं न्यायची होती, आता पत्रं आणि सायकल दोन्ही न्यावी लागतात.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्याकडून एक लेखी जबाब हवा आहे. कारण अगदी साधं आहे, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी साधं होतं. मोठ्या घराच्या भिंतीआडून रस्त्यावर पसरलेलं जे माकडाचं झाड आहे ते तू विसरला नसशील (पैज लावून चढायला गेला होतास, आणि आई आठ दिवस तुझ्या मांड्यांना लोणी चोळत होती). आता ते घर हेझलडीनबाई नावाच्या एका विधवा बाईंनी घेतलं आहे. बाई लंडनच्या. स्वभावानं फार चांगल्या, पण झाडाखाली बोलतात. नुसत्या बोलत नाहीत, हसतात, कुत्र्याला हाका मारतात, एकदा तर गात होत्या. तुझ्या मुलांना तिकडे हे कोणी शिकवलं नसेल म्हणून लिहितो, नाहीतर वाढतील तशीच: भिंत सुरू झाली की तोंड मिटायचं आणि भिंत संपेपर्यंत उघडायचं नाही. का, ते विचारायचं नाही. बोललं तर काहीतरी होतं, एवढं आपल्याला पुरेसं आहे. पण बाईंना कोण सांगणार? पहिल्याच दिवशी त्यांनी मला नेमकं झाडाखाली गाठलं आणि विचारलं, "पोस्टमन, नाव काय तुमचं?" मी ओठ मिटून उभा. त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी आतून बिस्किटांचा डबा आणून माझ्या हातात दिला, आणि पुढे दोन महिने त्या माझ्याशी खुणांनीच बोलत होत्या. चॅपलच्या सभेत मी चिटणीस म्हणून इतिवृत्त वाचायला उठलो तेव्हा बाई खुर्चीतून पडता पडता वाचल्या. डबा परत करावा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर त्याच सभेत बाईंनी ही कल्पना मांडली. हल्ली मोटारगाड्या भरून माणसं आपला मुलूख बघायला येतात. झाडापाशी पितळेची पाटी लावायची, की या झाडाला इंग्रजीत मंकी पझल म्हणतात ते का, आणि ते नाव प्रथम कोणाच्या तोंडून आलं. झाड चिलीहून जहाजानं आलं आणि मोठ्या घरच्या साहेबांनी ते लावलं, एवढं सगळ्यांना मान्य आहे. पाहुणे बघायला जमले, पानांचे ते सुरे कोणाला तरी टोचले, आणि कोणीतरी म्हणालं, "याच्यावर चढायचं तर माकडालासुद्धा कोडं पडेल." हेही मान्य आहे. कोण म्हणालं, एवढंच राहिलं. (पलीकडच्या भागात एका बड्या घराण्याच्या बागेतही असंच झाड आहे आणि ते वाक्य तिथेच कोणी पाहुणा बोलला, असं छापून आलं आहे म्हणे. हॅनिबलकाकांचं म्हणणं, छापणाऱ्याला आपल्या गावचा रस्ता सापडला नसेल.) हे शोधून काढायचं काम सभेनं एकमतानं माझ्यावर टाकलं, कारण मी तसाही दारोदार फिरतो.

सोमवारी वाटेत मला चार आजोबा मिळाले. मंगळवारी सहा. बुधवारी एका घरानं ज्या आजोबांचं नाव दिलं, ते त्या वेळी जन्मलेच नव्हते, पण मी तसं म्हटल्यावर त्या लोकांना फार राग आला आणि त्यांनी मला दिलेला चहा उचलून नेला. शाळेचे मास्तर त्याहून वाईट निघाले. त्यांनी सांगितलं, की त्या साली झाड माणसाच्या कमरेएवढं होतं, माकडाला त्यावर चढायची गरजच नव्हती, ओलांडून गेलं असतं. शिवाय चिलीत जिथे ही झाडं वाढतात तिथे माकडंच नाहीत. मग कोडं पडलं कोणाला? मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि त्या दिवशी दोन पत्रं चुकीच्या घरी टाकली.

शेवटी खरे दावेदार उरले दोन. एक आपण. तुला आठवत असेल, लव्हडेआजी तेव्हा स्वयंपाकघरात कामाला होती, तिचा टेबलावरचा रुमाल वाऱ्यानं उडून झाडात अडकला, खानसामा म्हणाला काढून आण, आणि आजीनं ते वाक्य त्याच्या तोंडावर मारलं. दुसरे हॅनिबल पेंगेली, म्हणजे आपले लोहारकाका. त्यांचे आजोबा ओबडाया मोठ्या घरचे मुख्य माळी. त्यांनी म्हणे झाड लावून हात झटकले आणि साहेबांसमोर ते वाक्य म्हटलं. काकांनी मला भट्टीपाशी उभं करून सांगितलं, "लिही. आणि नीट अक्षरात लिही. तुझी आजी बटाटे सोलत होती तेव्हा, तिचा झाडाशी संबंध काय?"

दादा, हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. पण हॅनिबलकाका हे टॅमसिनचे वडील आहेत, आणि टॅमसिनबद्दल मी तुला आजवर कधी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही. तेच तर दुःख आहे. अकरा वर्षं दर रविवारी चॅपल सुटल्यावर मी तिला लोहारवाड्याच्या फाटकापर्यंत पोचवतो. चॅपलपासून पंपापर्यंत सगळा गाव आजूबाजूला असतो, तिथे काही बोलता येत नाही. पंपापासून पुढे आम्ही दोघंच (काका शंभर पावलं मागे, काठी आपटत). तिथे मी हवेपासून सुरुवात करतो, कारण एकदम मुद्द्यावर येणं बरं दिसत नाही. हवा झाली की बटाट्याचं पीक, आणि पीक संपून मी "टॅमसिन, मला असं विचारायचं होतं की" इथपर्यंत येतो, तोच भिंत लागते. भिंत संपली की फाटक. अकरा वर्षं! तू म्हणशील, रोज तिच्या दारात पत्रं टाकतोस, तेव्हा का विचारत नाहीस? दादा, तेव्हा माझ्या डोक्यावर सरकारी टोपी असते. टोपी काढून विचारावं, तर पिशवी असते. मी एक्केचाळीस वर्षांच्या बाईला खाकी पिशवी खांद्यावर ठेवून असलं काही विचारणार नाही. तिच्यासारखं माणूस या मुलखात दुसरं नाही, आणि मला ती हवी आहे, हे मी तुला सरळ लिहून टाकतो, कारण तू बारा हजार मैलांवर आहेस.

म्हणून मी कालच्या नव्हे, त्याआधीच्या शनिवारी एक गोष्ट केली, त्याबद्दल आजीनं आणि तू मला माफ करावं. लोहारवाड्यात गेलो आणि काकांच्या हातात कागद ठेवला. 'सर्व साक्षींचा विचार करता सदर वाक्य कै. ओबडाया पेंगेली यांनीच उच्चारलं असं माझं मत झालं आहे.' सही, तारीख, पोस्टाचा शिक्कासुद्धा. काकांनी तो दोनदा वाचला. मग माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी ऐरणीला धरून उभा राहिलो. "अगं टॅमसिन," ते ओरडले, "या मुलाला केशरी पाव दे, साय जास्त घाल! आणि हे बघ रे डिगरी, उद्या जेवायलाच ये." अकरा वर्षांत प्रथम! टॅमसिननं साय वाढली आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला लागला नाही, पण पाव मी तीन खाल्ले.

आणि दुसऱ्या दिवशी केझायाआजीला आणलं. ही हेझलडीनबाईंची कल्पना. आजी एक्क्याण्णव वर्षांची, त्या दिवशी दूधघरातली पोर म्हणून प्रत्यक्ष तिथे हजर असलेली एकमेव जिवंत व्यक्ती. घरी विचारलं तर म्हणते, "मला काही आठवत नाही बाबा, झाडापाशी नेलंत तर आठवेल." चॅपलनंतर चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून झाडाखाली नेलं. तिथे तिला सगळं आठवलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, पण झाडाखाली ती बोलेल कशी? इतक्या वर्षांत बोलली नाही. आमच्यातलंही कोणी विचारू शकेना. हेझलडीनबाई तेवढ्या विचारत होत्या, "मग? मग काय झालं?" आणि सगळा गाव डोळ्यांनी त्यांना गप्प बसा म्हणत होता. आजीनं खुणा केल्या. माळी उभा असायचा त्या जागेकडे बोट दाखवलं. मग तोंडापाशी हात नेऊन बोटं उघडली-मिटली. मग दोन्ही हात वर नेऊन धाडकन खाली, मग जमिनीवर सगळीकडे पसरल्यासारखं. मग ओठांवर बोट, डोळे मोठे. शेवटी तिनं डोकं धरलं. खुर्ची उचलून भिंतीच्या टोकाला नेली, विचारलं, तर म्हणते, "कुठे होतो आपण? मला भूक लागली." पुन्हा झाडाखाली नेलं, पुन्हा सगळ्या खुणा. पुन्हा बाहेर आणलं, पुन्हा भूक. तिसऱ्यांदा उचलायला ते चौघे तयार होईनात.

अर्थ लावायला मात्र गावाला वेळ लागला नाही. मास्तर म्हणाले, उघड आहे: माळ्याच्या जागेवर उभं राहून कोणीतरी ते वाक्य म्हटलं, त्यामुळे खाणीत पाणी शिरलं आणि सगळीकडे पसरलं, आणि तेव्हापासून तिथे बोलायचं नाही. आपली कथलाची खाण! निम्मा गाव जिच्यामुळे देशोधडीला लागला, तू स्वतः ऑस्ट्रेलियात पोचलास, ते सगळं त्या एका वाक्यानं! (खाणीत पाणी त्यानंतर पन्नास वर्षांनी शिरलं, हे मी वहीत बघून सांगितलं. लोक म्हणाले, शापाला काय वेळापत्रक असतं?) सगळ्यांनी हॅनिबलकाकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या खिशात माझा कागद होता, शिक्क्यासकट.

"मी काय म्हणत होतो," काका म्हणाले, "वाक्य याच्या आजीनंच म्हटलं. लव्हडेचं तोंड सगळ्या गावाला माहीत होतं."

आता बघ दादा, दोन आठवडे मी सांगत होतो की आजीनंच म्हटलं, आणि ते सांगत होते की तिचा संबंध काय. पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आमची आजी फार मितभाषी होती. (ती या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या मासेवालीशी भांडायची, हे मला आठवत होतं, पण आता माघार कशी घ्यायची?) काका म्हणाले, "मितभाषी? अरे तिनं खाण बुडवली!" मी म्हटलं, कागदावर तुमच्या आजोबांचं नाव आहे. काका म्हणाले, "तो कागद तूच दिलास, गाढवा. आता पत्रं उंबऱ्यावर टाकायची आणि चालू लागायचं. जेवणबिवण काही नाही." टॅमसिन फाटकात उभी होती, तिनं एवढंच विचारलं, "डिगरी, नक्की तुझं म्हणणं काय आहे?" मी वही उघडून बघितली, तर तिथे माझ्याच अक्षरात दोन्ही म्हणणी होती.

हा आठवडा कसा गेला ते विचारू नकोस. ज्या ज्या घरानं आजोबांचं नाव लिहून दिलं होतं, ते प्रत्येक घर मला वाटेत अडवून नाव खोडायला लावतं. जन्म न झालेल्या आजोबांच्या घरानं तर जन्माचा दाखलाच आणून दाखवला. वहीत आता एकही माणूस उरलेला नाही, म्हणजे हे वाक्य कोणीच म्हटलं नाही, आणि तरी झाडाला नाव आहे. हेझलडीनबाई पितळ घेऊन बसल्या आहेत. टॅमसिन खिडकीतून पत्रं घेते आणि लगेच खिडकी लावून घेते.

तेव्हा तुला विनंती अशी, की आजीनं ते वाक्य म्हटल्याचं तुला कधी सांगितलं होतं का, हे लेखी कळव. सांगितलं असेल तर 'होय' लिही, म्हणजे काकांची सुटका होईल आणि आपलं नाव बुडेल. नसेल तर 'नाही' लिही, म्हणजे आपलं नाव राहील आणि माझं बाकी सगळं बुडेल. यातलं मला काय हवं आहे ते मी रोज ठरवतो आणि दुपारपर्यंत बदलतो, म्हणून तूच काय ते बघ. आज सकाळी नेहमीप्रमाणे चॅपल झालं. प्रवचन लांबलं. बाकी लिहिण्यासारखं विशेष नाही.

तुझा धाकटा भाऊ,
डिगरी स्पार्गो

ता. क. वर 'विशेष नाही' असं लिहिलं ते खरं नाही. काय झालं ते लिहायचं मी चहा होईपर्यंत टाळत होतो. आज चॅपल सुटल्यावर टॅमसिन वडिलांना न जुमानता माझ्या शेजारी येऊन चालू लागली. काका अगदी पाठीला लागून, आणि काय होतंय ते बघायला सगळा गाव त्यांच्यामागे. मी हवेपासून सुरुवात केली. पिकावर आलो. भिंत लागली, मी तोंड मिटलं. आणि नेमकी झाडाखाली टॅमसिन थांबली, माझ्याकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "डिगरी स्पार्गो, अकरा वर्षं मी हवा ऐकते आहे. माझ्याशी लग्न करणार आहेस की नाही?"

दादा, झाडाखाली! गावातलं कोणी जन्मात बोललं नव्हतं तिथे! मागे कोणाची तरी प्रार्थनेची पुस्तकं खाली पडली. मला 'हो' म्हणायचं होतं. सगळं अंग 'हो' म्हणत होतं, पण तोंड उघडेना, इतक्या वर्षांची सवय. मग मी काय केलं असेल? पळालो. भिंतीच्या टोकापर्यंत जिवाच्या आकांतानं पळालो, भिंत संपली तिथे वळलो आणि ओरडलो, "हो!" टॅमसिनला क्षणभर वाटलं मी पळूनच गेलो. ती अजून झाडाखाली उभी होती, तिचे डोळे भरले होते, आणि 'हो' ऐकल्यावर ती हसायला लागली. तेही झाडाखाली.

आणि हॅनिबलकाका? काका तिच्यामागे तीन पावलांवर, बरोबर झाडाखाली उभे होते. चेहरा लालबुंद, काठी हवेत, नकार अगदी ओठांवर आलेला, पण बोलणार कसे? भिंत संपेपर्यंत ते आले तोवर चॅपलच्या बायकांनी टॅमसिनचे मुके घेऊन झाले होते, मास्तरांनी माझा हात हातात घेऊन हलवला होता, आणि तारीखही सुचवून झाली होती. काका टोकाला येऊन तोंड उघडून उभे राहिले. मग म्हणाले, "जेवण गार होतंय." मी जेवून आलो.

ता. क. २. मंगळवार. पत्र अजून टाकलेलं नाही (शिक्का मारणारा मीच, तेव्हा घाई नाही). टॅमसिननं काल केझायाआजीला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं आणि मग विचारलं. भूक भागल्यावर आजीला घरबसल्या सगळं आठवलं. खाणीचा काही संबंध नव्हता. माळ्याच्या जागेवर उभं राहून कोणीतरी काहीतरी म्हटलं, सगळे हसले, तीही हसली, आणि तिच्या डोक्यावरची दुधाची बादली धाडकन खाली येऊन दूध सगळीकडे पसरलं. त्यावर मोठ्या घरच्या मुख्य बाईंनी सगळ्या नोकरांना फर्मावलं, की पुन्हा या झाडापाशी कोणी तोंड उघडलं तर याद राखा. बस, एवढंच. ते फर्मान मागे घ्यायच्या आधी बाई वारल्या, म्हणून आपण सत्त्याहत्तर वर्षं गप्प आहोत. टॅमसिननं विचारलं, "पण आजी, ते वाक्य म्हटलं कोणी?" आजी म्हणाली, "मला काय ठाऊक? मी दुधाकडे बघत होते."

गावात हे कळल्यापासून सगळे आजोबा पुन्हा वहीत लिहून घ्या म्हणून माणसं येत आहेत. हॅनिबलकाका पहिले. वही मी टॅमसिनकडे देऊन टाकली आहे.

ता. क. ३. तेव्हा तुझा जबाब आता नको. लव्हडेआजीनं काही सांगितलं असेल तर ते तुझ्याजवळच ठेव. पण आईची अंगठी तुझ्याकडे आहे. वहिनींच्या बोटाला ती बसत नाही, ट्रंकेतच पडून आहे, असं तू पहिल्याच वर्षी लिहिलं होतंस. तू जायला निघालास तेव्हा आई ती दोघांपैकी कोणाला द्यावी म्हणून घोळत होती, आणि मी म्हटलं होतं, दादालाच दे, मला ती काय करायची आहे. आता करायची आहे. पहिल्या बोटीनं पाठव.